पाच लाखांची गाडी पाच लाखांत येत नाही



मूलच्या कार्यशाळेत जेवणाच्या सुट्टीत एक मुलगा बराच वेळ माझ्या मागे-पुढे करत होता. वय सव्वीस-सत्तावीस. हंगामात धान घेतो, गिरणीवर भरडून आणतो, पाच-दहा किलोच्या पिशव्या करतो आणि नागपूरला घरपोच विकतो. चांगला धंदा आहे, गिऱ्हाईक बांधलेलं आहे. शेवटी त्यानं मोबाईल पुढे केला. मला वाटलं, पिशवीचं नवं डिझाइन दाखवतोय. पाहतो तर पुंटो अबार्थ! पांढरी गाडी, बाजूला लाल पट्टा.

"सर, नागपूरची गाडी हाय. पाच म्हणून राहिला, साडेचारात देते. घेऊन टाकू का?"

"पैसे कुठले?"

"धानाचे ठेवले ना सर. नोव्हेंबरले अजून वेळ हाय."

मी त्याला तिथं काही बोललो नाही, कारण पाच मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून आज सविस्तर लिहितोय. त्याच्यासाठी, आणि त्याच्यासारख्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांसाठी.

आधी एक गोष्ट साफ करतो. "गाडी म्हणजे खड्डा, त्यात पैसे टाकू नका" असं सांगणारे व्हिडिओ तुम्ही भरपूर पाहिले असतील. मी तसं म्हणणार नाही. पुण्या-मुंबईत बसून ते म्हणणं सोपं आहे. आपल्याकडे गडचिरोलीहून अहेरी-आलापल्लीला माल दाखवायला जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं, तर एसटीच्या वेळापत्रकावर धंदा होत नाही. गाडी लागतेच. आणि दिवसाचे चार तास जर चाकामागे जाणार असतील, तर ती गाडी आवडीची असावी असं वाटण्यात पाप नाही. मलाही वाटलं होतं.

हॉट हॅचबॅक म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शरीर लहान गाडीचं, इंजिन दांडगं. दिसायला घरगुती, पण ओव्हरटेक करताना तिचा रंग कळतो. नवी घ्यायची तर महाग, जुनी मात्र नवीच्या अर्ध्या किमतीत मिळून जाते. इथंच माणूस फसतो. किंमत अर्धी होते, पण पार्ट्सची किंमत अर्धी होत नाही. टर्बो जुना झाला म्हणून स्वस्त मिळत नाही.

आता माझा हिशोब सांगतो. २०२१ साली मी नागपुरातून सहा वर्षं जुनी टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतली. कंपनी कोणती ते सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हती, माझी होती. संध्याकाळी वर्धा रोडवर चक्कर मारली, दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, आणि डोकं कामातून गेलं. गाडी लिफ्टवर चढवून पाहिली नाही. टोकन देऊन मोकळा झालो. किंमत ४ लाख ६० हजार. मित्रांना सांगताना मी हाच आकडा सांगायचो.

खरा आकडा वहीत होता. नावावर करणं आणि विमा, २१ हजार. चारही टायर, २६ हजार. वरून नक्षी चांगली होती, पण रबर वाळून गेलेलं. बॅटरी ६ हजार. पुढचं सस्पेन्शन, म्हणजे बुश, लिंक रॉड आणि माउंटिंग मिळून १९ हजार. एसी साडेचौदा हजार. स्पार्क प्लग, एक इग्निशन कॉइल, सगळी ऑइलं, कूलंट, फिल्टर, साडेसतरा हजार. बेरीज करा. १ लाख ४ हजार, तेही पहिल्या तीन महिन्यांत. म्हणजे माझी गाडी ५ लाख ६४ हजारांना पडली. किमतीवर शेकडा बावीस-तेवीस रुपये जास्त.

आणि एक खर्च वहीतही नव्हता. एका पार्टसाठी गाडी नागपूरला सतरा दिवस उभी राहिली. त्या काळात सिरोंचाचं प्रशिक्षण मी भाड्याच्या गाडीनं केलं आणि भामरागडचं रद्द करावं लागलं. तिथल्या बचत गटाच्या ताया जंगलातून पायी येऊन बसल्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्यांना निरोप वेळेत पोचला नव्हता. पैशाचं सोडा, ते मला आजही टोचतं.

त्या दिवसापासून माझा नियम एकच: हातात गाडीसाठी जेवढे पैसे आहेत, त्यातले चारातले तीन भाग किंमत, चौथा भाग दुरुस्तीचं पाकीट. पाच लाख असतील तर पावणेचारच्या वरची गाडी पाहायचीच नाही. पाकीट उरलं तर आनंद आहे. माझं ऐका, उरत नाही.

आता त्या मुलाच्या गाडीकडे येऊ. पुंटो अबार्थ आपल्या महाराष्ट्राचीच लेक. पुण्याजवळ रांजणगावला बनायची. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये आली, १.४ लिटरचं टी-जेट इंजिन, १४५ बीएचपी. एवढ्या लहान गाडीत एवढी ताकद तेव्हा आपल्याकडे या किमतीत कुणी देत नव्हतं. पण फियाटनं २०१९ मध्ये भारतातलं गाड्यांचं दुकान आवरलं. गाडी विरळ, पार्ट्स त्याहून विरळ, आणि जमिनीपासूनची उंची १५५ मिलिमीटर. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ज्या रस्त्यांवरून जातात, तिथं १५५ मिलिमीटर घेऊन रोज जाणाऱ्याला मी हात जोडतो. ही गाडी घरी दुसरी गाडी असलेल्या माणसाची आहे. रोजच्या धावपळीची नाही.

बाकीच्या पटापट सांगतो. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय, २०१३ ते २०२२. हायवेवर घट्ट बसते, मजबूत गाडी. पण २०२० च्या आधीच्या गाड्यांत सात गिअरचा कोरड्या ड्युअल क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, आणि रांगत्या ट्रॅफिकमधली उष्णता त्याला सोसत नाही. एप्रिल-मेमधलं चंद्रपूर डोळ्यांसमोर आणा. तो बिघडला तर पाकीट नाही, पेटी लागेल. २०२० नंतरच्या १.० लिटर गाडीत साधा टॉर्क कन्व्हर्टर आहे, जमलं तर ती पाहा. टाटा टियागो जेटीपी २०१८ ची, ११४ पीएसची, मॅन्युअल. मजेदार, पण फार थोड्या विकल्या गेल्या. ह्युंदाई आय-२० एन लाइन २०२१ नंतरची, म्हणून अजून महाग.

माझं मत विचाराल तर आपल्या भागासाठी मारुती बलेनो आरएस. २०१७ च्या मार्चमध्ये आली, १.० लिटर बूस्टरजेट, १०२ पीएस, मॅन्युअल गिअर, मागेही डिस्क ब्रेक. तेव्हा फार कुणी विचारलं नाही. २०१९ मध्ये कंपनीनं किंमत तब्बल एक लाखानं उतरवली आणि २०२० मध्ये गाडी बंदच केली. जे लोकांना नको होतं ते तुम्हाला स्वस्तात मिळतं, हा व्यापाराचा जुना नियम इथं तुमच्या बाजूनं आहे. इंजिन जपानहून यायचं, त्यामुळे टर्बोचा पार्ट थांबवू शकतो. पण आरसा, दरवाजा, बंपर, क्लिपा या गोष्टींसाठी अडून राहत नाही. अबार्थवाले मला हसतील. हसू द्या.

गाडी पाहायला जाल तेव्हा एक खास नागपूरची गोष्ट लक्षात ठेवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिला आणि शहरात कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या असतील, असं धरून चाला. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. टोकाशी चिखलाची रेघ दिसते का पाहा. स्टेपनीखालचा खड्डा, चटईखालचं फोम, सीटच्या रुळांचा गंज. वास घ्या. लाजू नका, चार लाख तुमचे जाणार आहेत. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर चहा पिऊन या.

घेतल्यावर काय आधी करायचं? बहुतेक जण स्पॉइलर, काळ्या काचा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर इथून सुरुवात करतात. मी म्हणतो, आधी थांबणारी गाडी करा, मग पळणारी. रात्री मूलहून चंद्रपूरला येताना जंगलातून समोर रानडुक्कर आलं तर तुमचे १०२ पीएस उपयोगाचे नाहीत. ब्रेक, टायर आणि हेडलाइट उपयोगाचे आहेत. टायरवर चार आकडे असतात, ते वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही असो, बदला. आणि रिम मोठी करू नका हो! टायर जेवढा बारीक दिसेल, तेवढा खड्ड्यात लवकर फाटेल. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा पॉलिश करून घेतल्या की हजार-दीड हजारात रात्रीची नजर परत येते. माझ्या एक लाख चार हजारांपेक्षा तो खर्च मला जास्त लागू पडला.

मग उन्हाळा. रेडिएटर, पंखा, होज पाईप आणि कंपनीनं सांगितलेलं कूलंट. गॅरेजवाला दादा नळाचं पाणी ओतायला निघाला तर त्याचा हात धरा. कोळशाची धूळ असलेल्या भागात एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच बघायचा. हायवेवर दामटून आल्यावर गाडी लगेच बंद करू नका, अर्धा मिनिट चालू राहू द्या, टर्बोला दम खाऊ द्या. या सगळ्या गाड्या एप्रिल २०२३ च्या आधीच्या घ्याल तर त्या ई-२० पेट्रोल धरून बनवलेल्या असतीलच असं नाही; इंधनाचे रबरी पाईप आणि सील तपासून घ्या. रिमॅप करून ताकद वाढवायचा मोह होईल. कंपनीच्या रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि क्लेमच्या वेळी विमा कंपनी हात वर करायला मोकळी होते.

कागदांचं थोडक्यात. फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. ई-चलन आधी विकणाऱ्याकडून भरून घ्या. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा असतो. एजंट काहीही सांगो. विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करायला टाका. आणि तुम्ही तुमची जुनी गाडी विकत असाल तर आरसीवरून तुमचं नाव उतरेपर्यंत झोपू नका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केलंय: अपघाताच्या भरपाईला नोंदणीवर ज्याचं नाव, तो जबाबदार. गाडी पुढे चार हातांत गेली असली तरी.

राहिलं "गाडी धंद्यात दाखवू, टॅक्स वाचेल" हे. माणसं बसायच्या साध्या कारवर जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. घसारा १५ टक्के मिळतो, तोही धंद्यासाठी वापरली तेवढाच. आणि तुम्ही अंदाजी नफा दाखवत असाल, आपल्यातले बहुतेक तेच करतात, तर घसारा वेगळा मिळतच नाही. मुद्रा किंवा पीएमईजीपीचे पैसे यात वळवायचा विचार कुणी करत असेल, तर त्यानं आत्ताच विसरावा. ते यंत्रासाठी आणि मालासाठी मिळालेत. बँकेचा माणूस तपासणीला आला की त्याला तांदळाच्या पिशव्या दाखवाव्या लागतात, अलॉय व्हील नाही.

तर भाऊ, तुझ्यासाठी. तुझे पाच लाख नोव्हेंबर ते मार्च तीनदा फिरतात, असं तूच मला सांगितलंस. धान घेतलं, तांदूळ विकला, पुन्हा धान. गाडीत गेलेले पाच लाख एकदाही फिरत नाहीत. आणि ऐन हंगामात शेतकरी काका दारात पोती घेऊन उभे असतील, तेव्हा "थोडं थांबा" म्हणालास तर ते पुढच्या व्यापाऱ्याकडे जातील आणि पुढच्या वर्षीही तिकडेच जातील. म्हणून हा हंगाम धानाचा. प्रत्येक फेरीच्या नफ्यातून ठरलेला हिस्सा काढ, वेगळं खातं उघड, त्यावर "गाडी" असं लिही. मार्चमध्ये त्यात जे असेल त्याचे चारातले तीन भाग घेऊन आपण दोघं नागपूरला जाऊ. लिफ्टचे पैसे माझे.

त्याला हे फोनवर वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, आरएस निळ्या रंगात भेटते का?"