कानाने शिकणारा वर्ग : हिंगोलीतील मधल्या इयत्ता आणि पॉडकास्ट

टाळेबंदीच्या काळात, मे २०२० मध्ये, केंद्रीय अर्थमंत्र्यांनी ‘पीएम ई-विद्या’ योजनेची घोषणा केली. बारा इयत्तांसाठी बारा दूरचित्रवाहिन्या, त्यांच्या जोडीला आकाशवाणी, सामुदायिक रेडिओ आणि पॉडकास्ट असा तो बेत होता. पॉडकास्ट म्हणून केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची ‘शिक्षावाणी’ पुढे करण्यात आली. ती नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी होती. हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीत बसून बालभारतीचे मराठी पुस्तक उघडणाऱ्या मुलाला तिच्यातून फारसे काही मिळण्याजोगे नव्हते. सहावी ते आठवी या मधल्या इयत्तांकडे असे दुर्लक्ष होणे नवे नाही. प्राथमिक वर्गांसाठी गाणी-गोष्टी असतात, दहावीसाठी शिकवण्या असतात. मधल्या मुलाने आपले आपण निभावून न्यावे, असे जणू सर्वांनी गृहीत धरलेले असते.

वास्तविक मुलगा मागे पडतो तो याच टप्प्यावर. इतिहास, भूगोल, विज्ञान यांची भाषा सहावीनंतर एकाएकी जड होते. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत देशातील १४ ते १८ वयोगटातील सुमारे एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या प्रादेशिक भाषेत सरळ वाचता आला नाही. ही मुले मधल्या इयत्तांच्या वयातूनच पुढे गेली होती, आणि सातवीत असताना विज्ञानाचा धडा त्यांना कितपत वाचता आला असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. अशा मुलाला विषय समजत नाही असे आपण म्हणतो. पुष्कळदा त्याला विषय नव्हे, ओळ समजलेली नसते. तीच गोष्ट कोणी नीट सांगितली तर तो ऐकतो आणि प्रश्नही विचारतो.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात ऐकून शिकण्याची रीत नवी नव्हे. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी येथेच आहे, आणि कीर्तनाची परंपरा अक्षरओळख नसलेल्यांपर्यंत शतकानुशतके पोहोचली ती कानांवाटेच. शेतात खुरपणी करताना परभणी आकाशवाणी ऐकलेली पिढी आजही गावोगावी भेटेल.

पॉडकास्ट हे त्या रेडिओचेच पुढचे रूप. हा शब्द २००४ साली रूढ होऊ लागला. फरक एवढाच, की रेडिओ आपल्या वेळी बोलतो, पॉडकास्ट आपण म्हणू तेव्हा बोलतो, आणि त्याला मध्येच थांबवता येते. वर्गाच्या दृष्टीने हे थांबवणेच सर्वांत मोलाचे आहे. निकाराग्वा या मध्य अमेरिकेतील देशात १९७० च्या दशकात रेडिओवरून गणित शिकवण्याचा प्रयोग झाला. त्यात निवेदक प्रश्न विचारून थोडा वेळ गप्प राही आणि मुले मोठ्याने उत्तर देत. चाचण्यांत या मुलांची गणितातील प्रगती इतर वर्गांहून सरस ठरली. नुसते ऐकवणारा कार्यक्रम आणि उत्तराची वाट पाहणारा कार्यक्रम यांत पुष्कळ अंतर आहे. आपल्याकडे ध्वनिफिती तयार करणारी मंडळी बहुधा ही शांतता विसरतात आणि पार्श्वसंगीत मात्र आवर्जून घालतात!

महाराष्ट्रातील अनुभवही जमेस धरावा. २०२० मध्ये ‘प्रथम’ संस्था व प्रशासन यांच्या सहकार्याने नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ सुरू झाली. त्याच वर्षी पालघर जिल्ह्यातील दांडवळ येथे दिगंतर स्वराज फाउंडेशनच्या ‘बोलकी शाळा’ उपक्रमात स्वयंसेवक ध्वनिवर्धक घेऊन वस्तीवर जात आणि मुद्रित पाठ ऐकवीत. मुले अंतर राखून बसत. दोन्ही ठिकाणी प्रत्येक मुलाच्या हाती फोन असावा लागला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. घरातला एकमेव फोन वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर जातो. त्यावर शाळेचा पाठ ‘पाठवला’ म्हणजे तो मुलाला मिळाला असे होत नाही.

म्हणून वर्गातच ऐकावे. दहा मिनिटांचा बोललेला पाठ साधारण पाच एमबीत मावतो. शिक्षकाने तो तालुक्याच्या गावी उतरवून घेतला की औंढा किंवा सेनगावच्या आडवळणाच्या शाळेत रेंज नसली तरी चालते. मुलांपुढे पुस्तक उघडे असावे, ऐकलेल्या ओळीवर बोट फिरावे. अन्यथा कान वाचनाची उणीव झाकून टाकील आणि आठवीच्या अखेरीस आपणास तोच मुलगा पुन्हा निरक्षरासारखा भेटेल. तांड्यावरून येणाऱ्या मुलाच्या घरी गोरमाटी बोलली जाते. त्याच्यासाठी चार कठीण शब्द त्याच्या बोलीत सांगणारा दोन मिनिटांचा भाग शिक्षकाने गावातल्याच कोणाकडून मुद्रित करून घेतला, तर तो कोणत्याही राजधानीत बनलेल्या कार्यक्रमाहून अधिक उपयोगी पडेल.

मुलांनी स्वतः पाठ तयार करावेत, हे तर आम्हांस अधिकच भावते. वसमतच्या परिसरात हळद काढणीनंतर शिजवतात, वाळवतात, मग पॉलिश करतात. ज्या आजीने हे काम आयुष्यभर केले तिला सातवीच्या मुलींनी दहा प्रश्न विचारावेत. प्रश्न आधी लिहून काढावे लागतात, उत्तरे नंतर लिहून घ्यावी लागतात; लेखन-वाचन आपोआप घडते. मात्र मुलांचे आवाज गावाबाहेर धाडण्यापूर्वी पालकांची संमती घेतलेली बरी.

एका धोक्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. शिक्षकाचे पद रिक्त असेल तेथे ध्वनिवर्धक ठेवून वर्ग भरला असे दाखवण्याचा मोह व्यवस्थेला होईल. मुद्रित आवाजाला मागच्या बाकावरचा मुलगा दिसत नाही. पाठ कोठे थांबवायचा हे ठरवणारा माणूस वर्गात नसेल, तर पॉडकास्ट हा केवळ आवाज उरतो.

एक उपयोग मात्र वर्गाबाहेरचा आहे आणि तो या जिल्ह्याला लागू पडतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांबरोबर पाचवी-सहावीच्या पुढची मुलेही जातात. धाकट्या भावंडांना सांभाळायला त्यांचीच गरज असते. परत येईपर्यंत वर्षाचा अर्धा अभ्यास झालेला असतो. हंगामी वसतिगृहांत जी राहतात ती राहतात. जी जातात त्यांच्यासाठी निघण्याच्या आठवड्यात शिक्षकाने चार महिन्यांचे पाठ एका मेमरी कार्डावर भरून पालकाच्या साध्या फोनमध्ये घालून द्यावेत, आणि सोबत पुस्तकेही. संध्याकाळी कोपीसमोर चूल पेटलेली असताना वडिलांचा फोन मोकळा असतो.