मागच्या खिडकीची काच

गेल्या ज्येष्ठांतली गोष्ट. आमच्या घराच्या दर्शनी भिंतीची डागडुजी चालली होती आणि परांचीसाठीं आणलेले लोखंडी पाइप फाटकाशीं रचून ठेवले होते. सकाळीं आमचा पुतण्या गाडी मागें घेऊन रस्त्यावर काढीत होता. मागच्या आसनावर त्याची अडीच वर्षांची कन्या आपल्या लहान खुर्चींत पट्टे लावून बसलेली, शेजारीं सूनबाई. मागच्या दाराच्याहि मागें गाडीला एक लहानशी काच असते. ती उघडत नाहीं, खालींवर होत नाहीं आणि तिच्याकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. त्या काचेला एका पाइपाचें टोंक लागलें. लागलें म्हणण्यापेक्षां टेकलें म्हणावें. ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलेल्या आम्हांस तरी तसेंच दिसलें. परंतु त्या टेकण्यासरशीं सबंध काच पांढरी झाली, आणि दुसऱ्या क्षणीं त्या जागीं कांहींच राहिलें नाहीं.

आम्ही धांवत गेलों. पोरीच्या केसांत, मांडीवर, झबल्याच्या चुण्यांत काचेचे खडे पसरले होते. ती रडली नाहीं. एक खडा चिमटींत धरून ती “साखल” म्हणाली आणि तो तोंडाकडे नेऊं लागली. सूनबाईंनीं तिचा हात धरला, तेव्हां त्यांचाच हात थरथरत होता. पुढें अंगभर तपासून पाहिलें, तों मनगटावर नखाएवढा एक ओरखडा. बाकी कांहीं नाहीं. तिन्हीसांजेला आमच्या सौभाग्यवतींनीं मीठमोहऱ्यांनीं दृष्ट काढली. एरवीं अशा गोष्टींवर आम्ही एखादें वाक्य बोलतों. त्या दिवशीं बोललों नाहीं.

रात्रीं जेवणें झाल्यावर काचेचा विचार निघाला. आमचे धाकटे बंधु हिशेबी गृहस्थ आहेत. ते म्हणाले, “अण्णा, या एवढ्याशा काचेचे चार हजार दोनशें रुपये सांगतात. कोपऱ्यावरचा तसबिरींचा दुकानदार याच मापाची काच सहाशें रुपयांत कापून देतो. उद्यां दुपारीं काम होईल. पाऊस तोंडावर आहे.” हिशेब वाजवी दिसत होता. काटकसरीनें वागणें हें आमच्या घरांत तीन पिढ्या शिकविलें गेलें आहे आणि तें शिकविणारांत आम्हीहि आहों. सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्ही “नको” एवढेंच म्हणालों. बंधूंनीं कारण विचारलें, तें त्या रात्रीं आमच्यानें सांगवलें नाहीं. तें आज येथें लिहावयाचें आहे. परंतु आधीं त्या खड्यांविषयीं लिहिलें पाहिजे.

संस्कृत शिकणाराला काच हा शब्द प्रथम भेटतो तो बहुधा निंदेच्या प्रसंगीं. काच आणि मणि यांतला भेद सांगणारीं सुभाषितें आम्हीं तीस वर्षें मुलांकडून पाठ करून घेतलीं. त्यांत मणि खरा आणि काच खोटी. वास्तविक शब्द फार जुना आहे. शतपथब्राह्मणांतहि तो आला आहे. पण काचेकाचेंतहि भेद असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाहीं, हें सुभाषितकारांनीं सांगितलेलें नाहीं.

आमच्या लहानपणीं घरांत ओगल्यांचा प्रभाकर कंदील होता. त्याची काच तापलेली असतां तिच्यावर पाण्याचा थेंब पडला तर ती तडकते, हें आजी बजावून सांगत असे. थेंब पडतो तेथें काच एकदम थंड होऊन आकसूं पाहते, भोंवतालची तप्त काच तिला आकसूं देत नाहीं, आणि या ओढाताणींत चीर जाते. आतां हीच ओढाताण कोणी हेतुपूर्वक आणि सारख्या प्रमाणांत काचेंत भरून ठेवली तर? सतराव्या शतकांत युरोपांत वितळलेल्या काचेचे थेंब पाण्यांत टाकून एक चमत्कार करीत. थेंबाचा गोल भाग हातोडीनेंहि फुटत नसे. पण त्याची बारीक शेपटी मोडली कीं सबंध थेंबाचें पीठ होई. प्रिन्स रूपर्ट यानें १६६० च्या सुमारास हे थेंब इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाकडे आणले, आणि पुढच्याच वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांची परीक्षा केली. त्या काळीं ती दरबारी करमणूक होती. गाडीच्या बाजूच्या काचा आज त्याच तत्त्वावर होतात.

काच प्रथम मापानें कापतात, तिच्या कडा घासतात, भोकें पाडावयाचीं असलीं तर पाडतात, आणि मग ती सहाशें अंशांहून अधिक तापवून दोन्ही बाजूंनीं थंड वाऱ्याचे झोत सोडतात. वरचा थर आधीं घट्ट होतो; आंतला मागाहून थंड होऊन आकसतो आणि वरच्या थराला आपल्याकडे ओढून आवळतो. अशी आवळलेली काच साध्या काचेच्या चार-पांच पट मजबूत होते. सपाट आघात ती सोसते. पण टोंकदार वस्तूनें, विशेषतः कडेशीं, तो आवळलेला थर एकदां भेदला कीं आंत कोंडलेला सगळा ताण एकदम सुटतो आणि काचेचे खडीसाखरेएवढे बोथट खडे होतात. म्हणून पाइपाचें टोंक नुसतें टेकलें तरी पुरलें. आणि म्हणूनच ही काच तयार झाल्यावर कापतां येत नाहीं, तिला भोंकहि पाडतां येत नाहीं. कोणी दुकानदार आपल्यासमोर हिऱ्यानें रेघ ओढून गाडीची काच कापून देऊं लागला, तर ती काच यांतली नव्हे, एवढें वाचकांनीं ओळखावें.

पुढच्या मोठ्या काचेची जात वेगळी. तेथें दोन काचांमध्यें पारदर्शक पापुद्रा असतो. ती तडकते, पण जागेवर राहते. फ्रान्समधील रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून १९०३ सालीं प्रयोगशाळेंतली एक कुपी पडली. ती फुटली, पण तिचे तुकडे विखुरले नाहींत, कारण आंत वाळलेल्या द्रावाचा पापुद्रा राहिला होता. त्यावरून त्यांना ही युक्ति सुचली आणि १९०९ सालीं त्यांनीं तिचें पेटंट घेतलें.

आणि तसबिरीची काच? ती यांपैकीं कोणतीच नव्हे. ती फुटली कीं तिचीं पातीं होतात, लांब आणि सुरीसारखीं.

हें आम्ही कोठें शिकलों तें आतां सांगतों. १९८६ सालीं आम्ही एका तालुक्याच्या गांवीं नवे शिक्षक होतों. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची जीप होती. शाळेच्या सहली तींतून निघत. तिची मागच्या बाजूची काच एकदां फुटली. मूळची काच शहरांतून मागवावी लागणार, आठ दिवस आणि पुष्कळ पैसे जाणार, म्हणून ते चिंतेंत होते. आम्हीं त्यांना सांगितलें, “तसबिरीवाल्याकडून कापून घ्या कीं! काच ती काच.” त्यांनीं तसें केलें. आमच्या व्यवहारज्ञानाची त्यांनीं चार लोकांत वाखाणणीहि केली, आणि ती आम्हांला आवडली.

दोन महिन्यांनीं सातवीचीं मुलें घेऊन घाटांतून जातांना जीपचें मागचें चाक कडेच्या चरांत गेलें. गाडी कलली, उलटली नाहीं. वेगहि फारसा नव्हता. सगळीं मुलें एका बाजूला घसरलीं आणि खिडकीशीं बसलेल्या मुलानें तोल सांवरण्यासाठीं उजवा हात पुढें केला. हात काचेंतून आरपार गेला. बाकी कोणाला खरचटलेंहि नाहीं. त्याच्या मनगटाजवळच्या शिरा कापल्या गेल्या होत्या. आम्हीं धोतराचा सोगा फाडून हात बांधला आणि दवाखान्यापर्यंत तो उंच धरून बसलों. मुलगा वांचला. जखम भरली. पण त्याचीं दोन बोटें पुन्हां सरळ झालीं नाहींत.

लोक अपघात म्हणाले. रस्त्याला दोष दिला, चालकाला दिला. काचेचें कोणी नांव काढलें नाहीं. जीपवाल्या गृहस्थांनीं एकदां आमच्याकडे पाहिलें आणि मान खालीं घातली. तेहि आतां हयात नाहींत. तो मुलगा मात्र मोठा झाला, नोकरीला लागला, डाव्या हातानें लिहावयास शिकला. दर दसऱ्याला तो आमच्याकडे सोनें देण्यास येतो. आपट्याचीं पानें तो उजव्या हातानेंच देतो, आणि तीं देतांना तीं दोन बोटें मिटलेलीं असतात. त्याला आम्हीं कधीं सांगितलें नाहीं.

असो. दुसऱ्या दिवशीं बंधूंना बाजूला घेऊन हें सर्व सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें आणि मुकाट्यानें चार हजार दोनशें रुपयांची काच मागविली.

ती येईपर्यंत तीन दिवस लागले. खिडकीवर जाड प्लास्टिकचा कागद लावून ठेवला, पण चिकटपट्टी रंगावर फार दिवस ठेवूं नये. उन्हानें ती रंग घेऊन निघते. मागची खिडकी उघडी असतां दूरचा प्रवासहि करूं नये, कारण धुराड्याचा धूर फिरून आंत ओढला जातो. खडे काढण्याचें काम सूनबाईंनीं दुसऱ्या कोणाच्या हातीं दिलें नाहीं. आधीं हातमोजे घालून मोठे वेंचले, मग यंत्रानें शोषून घेतले, मग ओल्या फडक्यानें टिपले. मुलीच्या खुर्चीचें कापड काढून पट्ट्यांच्या कुलपापर्यंत झटकलें. तें झबलें टाकून दिलें. फुटलेली काच दाराची असती तर काम वाढलें असतें, कारण दाराच्या पोकळींत पुष्कळ खडे पडतात. आंतलें आवरण उघडून ते काढले नाहींत तर पावसाचें पाणी वाहून जाण्याचीं खालचीं छिद्रें बुजतात आणि काच चढतांउतरतांना करकरते.

काच बसवावयास आलेला कारागीर विशीतला होता. त्यानें काच प्रथम आमच्या हातीं दिली आणि कोपऱ्यांतलें बारीक लिखाण दाखविलें. भारतीय मानकाची खूण आणि २५५३ हा आंकडा तेथें असावा लागतो. काच किंचित् वळलेली होती. तसबिरीची सपाट काच तेथें नीट बसलीच नसती. मग त्यानें चौकटीवरचा जुना डिंक सुरीनें तासला, पण सगळा नाहीं. पातळ थर मुद्दाम राखला, कारण नवा डिंक त्यावर अधिक चांगला धरतो. जेथें सुरीनें रंग खरवडला गेला तेथें गंज चढूं नये म्हणून अस्तराचा हात दिला. मग डिंकाची सलग धार काढून काच बसविली आणि पट्ट्यांनीं आवळली. काचेच्या कडेला जी काळी किनार असते ती आम्ही शोभेची समजत होतों. उन्हापासून डिंकाचें रक्षण करण्यासाठीं ती असते, असें त्यानें सांगितलें. चाळीस वर्षें शिकविणाराला असें कोणी कांहीं समजावून सांगितलें कीं फार बरें वाटतें.

जातांना तो बजावून गेला कीं, दोन दिवस गाडी धुवूं नका, आणि दारें आपटूं नका. आपटलींच तर दुसरी एखादी काच दोन बोटें उघडी असूं द्या, नाहीं तर आंतल्या हवेच्या दाबानें ओली काच सरकते. आमच्या घरीं दार हळू लावण्याचा नियम त्या दोन दिवसांपुरता मुलांनींहि पाळला.

विम्याचा प्रश्न बंधूंनीं काढला होताच. नुसता तिसऱ्या पक्षाचा विमा असेल तर अशा काचेचे पैसे मिळत नाहींत. संपूर्ण विमा असेल तर मिळतात, आणि काचेवर घसारा धरीत नाहींत. रबर व प्लास्टिकवर मात्र निम्मा धरतात. पण इंजिनाच्या आकाराप्रमाणें पहिले एक किंवा दोन हजार मालकानें सोसावयाचे असतात. शिवाय दावा केला कीं दाव्यावांचून गेलेल्या वर्षांची सवलत जाते. पुतण्याचीं तीन वर्षें तशीं गेलीं होतीं, म्हणजे सवलत ३५ टक्के झाली होती. कागद घेऊन आंकडे मांडले तेव्हां खिशांतून पैसे देणेंच स्वस्त ठरलें. मोठी काच असती तर उत्तर वेगळें आलें असतें. ज्यानें त्यानें आपला कागद वाचून ठरवावें.

एका दुकानदारानें दोन्ही बाजूंच्या काचांवर काळी फीत लावून देण्याचा आग्रह धरला होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के प्रकाश आंत आला पाहिजे, आणि काळ्या फितींवर सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं कडक निर्णय दिला आहे, असें आम्हीं त्याला सांगितलें. “सगळे लावतात,” असें तो म्हणाला. हें उत्तर आम्हीं वर्गांत पुष्कळ वेळां ऐकलें आहे.

श्रावणांत एके दिवशीं सूनबाईंना आसनाच्या शिवणींत आणखी एक खडा सांपडला. तो त्यांनीं आमच्या हातावर ठेवला. आम्हीं तो टांकाच्या दौतीशेजारीं काचेच्या झांकणींत ठेवला आहे. नात रोज तो पाहून “साखल” म्हणते आणि आम्ही रोज “नाहीं, काच” असें सांगतों.

दसरा पुढच्या महिन्यांत आहे. हें मासिक त्या विद्यार्थ्याच्या घरीं नियमानें जातें, आणि हा अंक त्यापूर्वीं त्याच्या हातीं पडेल.