किल्ली एक, दारे किती?

शनिवारवाड्याला पाच दरवाजे आहेत. तटबंदी भक्कम, दिल्ली दरवाजावर हत्तीची धडक रोखणारे अणकुचीदार खिळे. तरीही ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांची हत्या वाड्यातच झाली आणि ती पेशव्यांच्याच चाकरीतील गारद्यांनी केली. तट शाबूत असतानाही घात होतो, हा धडा शनिवार पेठेला नवा नाही.

आज संस्थांची दप्तरे संगणकात आहेत. संगणक बरेच असले की ते बहुधा ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’सारख्या मध्यवर्ती नोंदवहीशी जोडले जातात. विंडोज २००० बरोबर आलेल्या या व्यवस्थेत कर्मचाऱ्याचे नाव व संकेतशब्द एकदाच नोंदवला की काम भागते. मेख अशी की, मुद्दाम बंधन घातले नाही तर तीच किल्ली जोडलेल्या बहुतेक सर्व संगणकांना लागते. आवक-जावक पाहणारा कारकून लेखापालाच्या संगणकावरही लॉगिन करू शकतो. त्याहून मोठा धोका प्रशासकाच्या किल्लीचा. त्याने साध्या संगणकावर लॉगिन केले की त्याच्या ओळखीच्या खुणा तेथील स्मृतीत राहू शकतात. तेथे लपलेला चोर त्या उचलतो आणि साऱ्या संस्थेचा धनी होतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे निघाले. त्याचे खापर केवळ लॉगिनवर फोडणे अन्यायाचे ठरेल; पण कुंपणाच्या आत शिरलेल्याला पुढे कोठवर जाता येते, हा प्रश्न त्या घटनेने प्रत्येक संस्थेपुढे ठेवला.

उपाय खर्चिक नाही. कोणी, कोणत्या संगणकावर, कोणत्या वेळेत लॉगिन करावे, हे त्याच नोंदवहीत ठरवता येते. विभागवार गट करावेत. प्रशासकाचे खाते साध्या संगणकांवर स्पष्टपणे नाकारावे. नकार परवानगीवर मात करतो, म्हणून नियम आधी एकाच संगणकावर तपासावा. अन्यथा स्वतःच बाहेर राहण्याची पाळी येते.

‘आमच्याकडे सारे घरचेच आहेत’, असे चालक म्हणतात. प्रश्न माणसांवरील विश्वासाचा नाहीच. चोरीला गेलेला संकेतशब्द प्रामाणिक कर्मचाऱ्याच्याच नावाने आत येतो. बंधन असेल तर संशयाची सुई त्या निरपराधाकडे वळण्याचे प्रसंगही कमी होतील. मर्यादा ही अविश्वासाची खूण नव्हे. ते सज्जनाचे कवच आहे.