गाव कशाने जगते?

आयर्लंडच्या वायव्य टोकाला, डोनेगल परगण्यात, अटलांटिकच्या काठी ग्लेनकोलमकिल नावाचे दरीतले छोटे गाव आहे. जमीन खडकाळ, शेती तुकड्यातुकड्यांची. कॅरिक, किलकार, टीलिन ही शेजारची गावेही त्याच स्थितीतली. १९५१ साली फादर जेम्स मॅकडायर हे कॅथलिक धर्मगुरू तेथे आले, तेव्हा गावात वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते, उद्योगधंदा नव्हता; तरुण मात्र स्कॉटलंड-इंग्लंडची वाट धरीत होते.

अशा स्थलांतराचे अर्थशास्त्रात पुष्कळदा समर्थन केले जाते. माणसे घटली की उरलेल्यांच्या वाट्याला जमीन अधिक येते, बाहेरून पैसा येतो, दरडोई उत्पन्न वाढते. हा हिशेब चुकीचा नाही. पण अपुरा आहे. शाळा, दुकान, दवाखाना चालण्यास किमान वस्ती लागते. वस्ती त्याखाली घसरली की शाळा बंद पडते, दुकान मिटते आणि ज्यांना राहावयाचे होते त्यांनाही निघावे लागते. जाणाऱ्याच्या निर्णयाची ही किंमत मागे राहिलेले मोजतात. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यात ती दिसत नाही. आजच्या आयरिश प्रजासत्ताकाच्या प्रदेशात १८४१ साली सुमारे ६५ लाख लोक होते. दुष्काळ व देशांतर यांमुळे १९६१ साली ते २८ लाखांवर आले.

मॅकडायर यांनी वीज-पाण्यासाठी सरकारचा पिच्छा पुरविला आणि सहकारी तत्त्वावर विणकाम, भाजीपाला-प्रक्रिया, पर्यटकांसाठी घरे असे उद्योग उभारले. १९६७ साली लोकजीवनाचे संग्रहालय उघडले. सर्वच प्रयोग फळले असे नव्हे. भाजीपाल्याचा धंदा टिकला नाही. १९८७ मध्ये मॅकडायर निवर्तले, पण संग्रहालय राहिले. १९८४ साली सुरू झालेल्या ‘ओइदस गेल’ या संस्थेत प्रौढ विद्यार्थी आयरिश शिकण्यासाठी देशोदेशींहून येतात. गरिबीची खूण मानली गेलेली भाषा आता उपजीविकेचे साधन झाली आहे.

यावरून मॅकडायर यांचा जयजयकार करून थांबणे सोपे आहे. परंतु प्रत्येक दरीला असा धर्मगुरू लाभत नाही. म्हणून विखुरलेल्या वस्त्यांचा विचार एकेका गावाने नव्हे, शेजारच्या गावांसह एकत्र व्हावयास हवा आणि पटसंख्या घसरण्याची वाट न पाहता शाळा व दवाखाना टिकविण्याची जबाबदारी शासनाने घ्यावयास हवी. गाव सोडण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असावेच. पण गावात राहणे जेथे अशक्य होऊन बसते, तेथे त्या जाण्याला स्वातंत्र्य म्हणता येत नाही.