रात्री दहाची हाक

रात्री दहाला दारावर हाक येते, "वकीलसाहेब, हायेत काय घरी? थोडकंच काम हाये." त्या थोडक्या कामाला साडेअकरा वाजतात. जेवण गार होतं, शुगरची गोळी राहून जाते आणि सकाळी कोर्ट असतंच. अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांतून वकील झालेल्या आमच्यापैकी बहुतेकांची ही रोजची गोष्ट. नाही म्हणावं तर "काळा कोट चढला, समाज विसरला" हे ऐकावं लागतं. म्हणून कोणी नाही म्हणत नाही.

समाजाचं ऋण आम्हाला मान्यच आहे. पण बाबासाहेबांचंच पाहा. १९२३ पासून वकिली, तिच्या जोडीला चळवळ, लिखाण, आणि हे सगळं मधुमेहाने पोखरलेल्या शरीरावर. १९४८ साली लग्न झाल्यावर माईसाहेबांनी डॉक्टर म्हणून भेटीगाठींवर बंधन घातलं, तर कित्येक लोक त्यांच्यावरच नाराज झाले. आपला माणूस जगावा असं आपल्याला वाटतं, पण त्याच्या दारावर वेळेची पाटी दिसली की राग येतो!

आमचं म्हणणं एवढंच. सातबारा, नावातली दुरुस्ती, भावाभावांची वाटणी सकाळपर्यंत थांबते. अटक थांबत नाही. पकडलेल्या माणसाला २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. कुणाला मारहाण झाली, बाईला घराबाहेर काढलं, तर रात्रीही हाक मारावीच.

आणि सगळा भार एकाच दारावर कशाला? १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातींच्या लोकांना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० पासून केंद्राच्या कायद्यातही आपण बौद्ध त्यात येतो. जातीचा दाखला घेऊन जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन लावा. वस्तीत हे फार थोड्यांना ठाऊक आहे, यात आमचाही दोष आहे.

एक कबुलीही द्यायला हवी. आमच्यातल्या एकाने एका रात्री वैतागून दार उघडलंच नाही. बाहेर उभ्या बाईचा मुलगा ठाण्यात होता. आता तो खिडकीतून आधी एकच विचारतो, "कोणी ठाण्यात आहे काय?" नाही म्हटलं की सांगतो, "उद्या सायंकाळी सहाला या, काकू. कागद सोबत आणा."