वर्गातील हवेचा विसर

शाळेत पाल्याचे नाव घालताना पालक बारकाईने चौकशी करतात. माध्यम कोणते, संगणक किती, बस दारापर्यंत येते का आणि अलीकडे, वर्ग वातानुकूलित आहेत का? वर्गाच्या खिडक्या उघडतात का, हे मात्र कोणी विचारीत नाही.

उच्छ्वासात सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. मोकळ्या हवेत दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास. वीस बाय पंचवीस फुटांच्या बंद खोलीत चाळीस मुले बसली की पंधरा-वीस मिनिटांतच हे प्रमाण हजारावर जाते. हजाराची मर्यादा काही आजची नव्हे. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी ती १८५८मध्येच सांगितली होती. इतक्या प्रमाणात हा वायू विष ठरत नाही. एकाने सोडलेला श्वास दुसरा कितपत घेतो आहे, याचे ते माप आहे. क्षयाचे जंतू आणि गोवराचे विषाणू याच वाटेने पसरतात आणि जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. शेवटच्या तासाला पेंगणाऱ्या मुलावर आळसाचा शिक्का मारण्यापूर्वी गुरुजींनी एकदा खिडकीकडे पाहावे.

वातानुकूलनाने हवा शुद्ध होते, हा समज तर भाबडाच. भिंतीवरचे नेहमीचे यंत्र बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच गार करून पुन्हा सोडते. म्हणजे जादा शुल्क मोजायचे ते शिळ्या हवेसाठी!

जुन्या शाळांना उंच छत, समोरासमोर खिडक्या आणि वर झरोके असत. ते बांधणाऱ्या गवंड्यांना जे कळत होते, ते कायद्याला सुचले नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण सारे आहे. खेळत्या हवेचा उल्लेख नाही.

रस्त्यालगतच्या शाळेत खिडकीतून धूर आणि धूळही येते, ही अडचण खरी आहे. तेथे अंगणाकडील बाजू उघडावी, वर हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा, मधल्या सुट्टीत वर्ग पूर्ण रिकामा करावा. याला मोठा निधी लागत नाही. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांनी पुढच्या बैठकीआधी एकदा वर्गांतून फिरून यावे. कित्येक ठिकाणी खिडकीच्या कड्या गंजलेल्या आणि तिच्यासमोर मोडक्या बाकांची चळत लावलेली आढळेल.