तीन पिढ्यांसाठी एक शोध

परदेशातील मराठी मंडळांच्या सहलींत बहुधा वयानुसार वाटणी होते: मुले मैदानावर धावतात, त्यांचे आईवडील जेवणाच्या व्यवस्थेत गुंततात आणि भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा सावलीतल्या बाकावर बसून राहतात. ही वाटणी मोडण्याची क्षमता जिओकॅशिंग या खेळात आहे आणि मंडळांनी त्याचा गांभीर्याने विचार करायला हवा.

कुणीतरी परवानगी असलेल्या जागी पाणी न शिरणारा डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो; इतरांनी जीपीएसच्या, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून स्थान सांगणाऱ्या यंत्रणेच्या, आधारे तो शोधायचा, आतील वहीत नाव व तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा, असे या खेळाचे स्वरूप आहे. अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची मर्यादा मे २०००च्या आरंभी उठवली आणि ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ या खेळातला पहिला डबा म्हणून एक बादली ठेवली.

प्रत्येक डब्याला, अर्थात ‘कॅश’ला, एक ते पाच या श्रेणीत दोन स्वतंत्र गुण दिलेले असतात: एक शोधण्याच्या अवघडपणाचा, दुसरा वाटेच्या खडतरपणाचा. बुद्धीचे कष्ट आणि पायांचे कष्ट असे वेगळे मोजल्यामुळेच सपाट वाटेवरचे, पण चांगलेच गूढ कोडे निवडता येते, आणि तिथे गुडघे दुखणाऱ्या आजींचा अनुभव नातवाच्या चपळाईइतकाच उपयोगी पडतो. मुले बाहेरही फोनलाच चिकटून राहतील हा आक्षेप पालक घेतात. परंतु फोन काही मीटरांपर्यंतच नेतो, दाट झाडीत तर त्याहूनही कमी भरवशाने, आणि त्यापुढे डोळ्यांनीच शोधावे लागते.

डबाच नसलेला ‘अर्थकॅश’ हा प्रकार विशेष मोलाचा आहे, कारण त्यात भूरचनेचे निरीक्षण करून प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. उदाहरणार्थ, अमेरिकेतील कोलंबिया नदीच्या घळीतील काळ्या बेसाल्टचे थर लाव्हाचे प्रवाह एकावर एक साचून बनले आहेत. सह्याद्रीचे कडेही तसेच घडले, मात्र कोट्यवधी वर्षे आधी, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. तरुणपणी गड चढलेल्या आजोबांना परक्या देशात शिक्षकाची जागा मिळण्याचा याहून स्वाभाविक प्रसंग क्वचितच सापडेल.

मंडळाने पहिल्या सहलीसाठी दोन्ही गुण दीडपर्यंत असलेल्या आणि अलीकडेच कुणाला सापडल्याची नोंद असलेल्या कॅश निवडाव्यात. स्वतःचा डबा ठेवण्याची घाई मात्र करू नये: जागेच्या मालकाची किंवा उद्यान-प्रशासनाची परवानगी लागते, डबा जमिनीत पुरता येत नाही, प्राण्यांना वास लागतो म्हणून त्यात खाद्यपदार्थ चालत नाहीत, आणि भिजलेली वही बदलण्यापासून पुढची सारी देखभाल ठेवणाऱ्याकडेच राहते, तेव्हा दर काही महिन्यांनी तिथे जाणारे एखादे कुटुंब आधी निश्चित करावे.